खोल, नितळ तलावात जिगने बास धरताना: आधी तळ, मग मासा

नितळ तलावात पहिल्यांदा होडी घालणाऱ्याची एक चूक हमखास होते. पाणी इतकं स्वच्छ असतं की चार-पाच मीटर खालचे गोटेही मोजता येतात, त्यामुळे नजर काठालाच चिकटून राहते. पाण्यात पडलेली फांदी दिसली की तिथे गळ, मग पुढचा खडक, मग त्यापुढची फांदी. दुपारपर्यंत हाती वीतभर लांबीचे दोन मासे. मोठे बास (अमेरिकेतल्या तलावांत सापडणारा गोड्या पाण्यातला शिकारी मासा) तेव्हा होडीच्या पाठीमागे असतात, आठ-दहा मीटर खोल, आपल्याला न दिसणाऱ्या एखाद्या खडकाच्या कडेला. तिथवर पोचायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे जिग, वजनदार डोक्याचा गळ.

मी पहिलं अख्खं वर्ष जिगकडे फक्त आमिष म्हणून बघितलं आणि ते वर्ष जवळजवळ वाया गेलं. जिग म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं आपलं बोट आहे. त्याने तळ चाचपायचा असतो. खाली वाळू आहे की गोटे, गाळ आहे की बुडालेलं झाड, हे हाताला कळायला लागलं की मासे आपोआप सापडायला लागतात, कारण बास अशा ठिकाणी थांबतो जिथे तळ बदलतो. म्हणून या लेखात मासा बराच उशिरा येईल. थोडा धीर धरा.

जिग आणि बाकीचं सामान

गळावरच ओतलेलं शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्याच्या मागे सिलिकॉनच्या बारीक धाग्यांची झालर आणि गळाच्या टोकासमोर राठ केसांचा छोटा झाडू, म्हणजे जिग. हा झाडू गळाचं टोक फांदीत रुतू देत नाही. गळाच्या दांड्यावर मऊ प्लास्टिकचा नांग्यांसारखा तुकडा ओवतात, त्याला ट्रेलर म्हणतात.

डोक्यांचे आकार ढीगभर मिळतात. नवख्याने एकच घ्यावा: फुटबॉल जिग. याचं डोकं आडवं, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं असतं. खडकाळ तळावरून ओढताना ते एका कुशीवर न पडता डुलत पुढे येतं, आणि प्रत्येक गोट्यावर चढताना-उतरताना हाताला खबर देतं. झाडाझुडपांत मात्र ते अडकतं, तिथे चपट्या डोक्याचं जिग बरं. पण ती पुढची गोष्ट.

वजन अर्धा औंस, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. यापेक्षा हलकं जिग दहा मीटर खोल जाईपर्यंत वाऱ्याने दोरीला पोट येतं आणि तळ लागला की नाही हेच समजत नाही. बारा मीटरच्या खाली किंवा जोराच्या वाऱ्यात पाऊण औंस (२१ ग्रॅम) घ्या. टंगस्टन महाग असतं, पण त्याच वजनाचं डोकं शिशापेक्षा लहान आणि कडक असल्याने तळाची टकटक जास्त स्पष्ट येते. सुरुवातीला जिगं अडकून तुटणारच आहेत, तेव्हा शिशाने शिका. फक्त आधी स्थानिक नियम बघा. अमेरिकेच्या काही राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर आणि जिगांवर बंदी आहे, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळून विषबाधेने मरतात. तुमचा तलाव अशा ठिकाणी असेल तर पहिल्या दिवसापासून टंगस्टनच.

रंगाचा घोळ घालू नका. या तलावांत बासचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश, गोड्या पाण्यातला नांग्यावाला प्राणी, दिसायला छोट्या शेवंडासारखा. त्याचा रंग तळाशी मिळताजुळता असतो: भोपळ्याच्या सालीसारखा मळकट हिरवा किंवा तपकिरी. स्वच्छ पाण्यात बास आमिष नीट निरखतो, त्यामुळे भडक रंग इथे घात करतात. मळकट हिरव्या रंगाचं जिग, त्याच रंगाचा ट्रेलर, यावर एक मोसम काढा. हवं तर नांग्यांच्या टोकांना नारिंगी छटा असलेला ट्रेलर घ्या. झालर फार दाट असेल तर कात्रीने एक तृतीयांश धागे कापून टाका. नितळ पाण्यात छोटी, विरळ आकृती जास्त चालते.

रॉड सात फुटांच्या आसपास, मधल्यापेक्षा थोडा ताठ, पण शेंडा लवकर वाकणारा. रीळ कोणतंही चालेल, फक्त एका फेऱ्यात भरपूर दोरी गुंडाळणारं असावं. ते का, हे पुढे मासा लागल्यावर कळेल. दोरीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. फ्लोरोकार्बन नावाच्या प्लास्टिकची, १२ पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीपर्यंत न तुटणारी. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यामुळे वीस मीटर लांबच्या गोट्याची बातमी वाटेतच विरते. फ्लोरोकार्बन कमी ताणतो, पाण्यात बुडतो आणि माशाला कमी दिसतो. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो याचं माप) १.४२ च्या आसपास आहे, पाण्याचा १.३३, आणि हा आकडा पाण्याच्या जितका जवळ तितकी दोरी कमी दिसते. नायलॉनचा यापेक्षा जास्त, म्हणून तो पाण्यात अधिक उठून दिसतो. फ्लोरोकार्बनचा एक दोष आहे: गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने तो तापतो आणि तिथेच कमजोर होतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि सावकाश ओढा. हाती आलेला चांगला मासा गाठीपाशी तुटून गेला की दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

पहिला धडा काठावर

होडीत बसण्याआधी एक तास धक्क्यावर घालवा. दीड-दोन मीटर खोल, तळ दिसेल अशी जागा शोधा. जिग सरळ पायांपुढे सोडा आणि बघत राहा.

तळाला टेकताना जिग वाळूचा एक छोटा ढग उडवतं. डोकं टेकतं, गळाचा मागचा भाग वर राहतो, आणि मग झालर सावकाश फुलते, एकेक धागा सुटा होऊन. आपण काहीच करत नाही, तरी ती श्वास घेतल्यासारखी हलते. आता रॉडचा शेंडा वीतभर उचला. जिग दोन-तीन बोटं सरकेल आणि झालर अंगाला चिकटेल. थांबा. ती पुन्हा फुलेल. आता शेंडा हातभर झटक्याने उचला. जिग तळ सोडून उडेल आणि परत पडायला चांगला वेळ घेईल. नवखा माणूस होडीत बसून नेमकं हेच करत असतो, झटके मारत राहतो, आणि जिग निम्मा वेळ तळावर नसतंच.

क्रेफिश तळावर बहुतेक वेळ रांगतो. घाबरला की शेपटीचा फटका मारून मागे सटकतो, आणि कोंडीत सापडला की नांग्या उभारून बसतो. जिगचं रांगणं, छोटी उडी आणि टेकून बसणं, या तीन हालचाली त्याच्याच आहेत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की खोल पाण्यात, काही दिसत नसतानाही, जिग काय करतंय याचं चित्र मनात राहतं. तेव्हाच दोरीवरून जिग तळाला टेकल्याचं कसं कळतं तेही शिकून घ्या: ताठ चाललेली दोरी एकदम सैल पडते.

जागा कशी हेरायची

खोलीच्या समरेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा मिळवा. मिसुरीतल्या टेबल रॉक किंवा टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलोसारख्या, धरणाने तयार झालेल्या तलावांचे असे नकाशे सहज मिळतात. या तलावांच्या पोटात जुनी नदी अजून आहे, तिचं पात्र, तिचे काठ, तिला मिळणारे ओढे. बासचे रस्ते तेच.

समरेषा जिथे दाट तिथे उतार तीव्र, जिथे विरळ तिथे सपाटी. शोधायची ती जागा जिथे पाण्यात शिरलेली जमिनीची सोंड जुन्या पात्रापर्यंत जाते आणि मग अचानक खाली कोसळते. सोंडेवर बासला खायला मिळतं आणि धोका वाटला तर दोन शेपटांत खोल पाणी. असं ठिकाण नकाशावर तीन-चार जागी हेरा. नवख्याने एका दिवसात यापेक्षा जास्त जागा हिंडू नयेत.

तिथे पोचल्यावर फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर हळूहळू वरून फिरवा. कठीण तळाची रेघ पडद्यावर जाड, उजळ दिसते, गाळाची बारीक आणि पुसट. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. यंत्राची संवेदनशीलता वाढवली की मधल्या खोलीवर धुरकट पट्टा उमटतो. हा थर्मोक्लाइन. वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी यांच्यामधला हा थर, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. उन्हाळा सरेपर्यंत बऱ्याच तलावांत त्याच्याखाली प्राणवायू कमी होतो, त्यामुळे बास या पट्ट्याच्या आसपास किंवा वर राहतो. पट्टा नऊ मीटरवर असेल तर पंधरा मीटरवर गळ टाकण्यात दिवस घालवू नका. जिथे हा पट्टा सोंडेच्या उताराला भिडतो ती खोली आधी तपासा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मा तलाव शोधायचा वाचतो.

मोसमाचं थोडक्यात: वसंतात पाणी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या मध्ये आलं की बास अंडी घालायला उथळात जातात, त्याआधी आणि नंतर काही आठवडे त्या वाटेवरच्या सोंडांवर थांबतात. उन्हाळ्यात खोल. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, सगळे थर मिसळतात आणि मासे विखुरतात. हा काळ नवख्यासाठी सगळ्यात कठीण. हिवाळ्यात पुन्हा खोल आणि पुन्हा एकत्र, पण तेव्हा जिग इतकं सावकाश चालवावं लागतं की हात अवघडतात.

वारा तुमचा मित्र आहे. पाणी आरशासारखं स्थिर आणि ऊन डोक्यावर असेल तर बास खोल जातो, बिचकतो. पृष्ठभागावर बारीक लाटा आल्या की प्रकाश तुटतो आणि तोच मासा वर सरकतो, धीट होतो. पहाट आणि संध्याकाळही याच कारणाने चांगली.

टाकणं आणि पडू देणं

होडी खोल बाजूला ठेवा आणि जिग उथळ बाजूला, उताराच्या माथ्यावर टाका. लांब टाका, वीस-पंचवीस मीटर. नितळ पाण्यात होडीची सावलीसुद्धा मासा ओळखतो.

आता या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. जिग पाण्यात पडलं की रिळातून दोरी सोडत राहा. दोरी ताणून धरली तर जिग सरळ खाली न जाता झोक्यासारखं तुमच्याकडे येतं आणि हेरलेल्या जागेपासून कितीतरी मीटर अलीकडे पडतं. कड्याशी गळ टाकताना तर हे फारच नडतं. कड्याला लागून पडायला हवं असलेलं जिग मोकळ्या पाण्यात लोंबकळतं आणि आपण तळ लागायची वाट बघत बसतो. दोरी पूर्ण सैलही नको. पृष्ठभागावर तिची हलकी कमान दिसेल इतपत.

आणि मोजा. पाण्यात पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे. माझं अर्ध्या औंसाचं जिग नऊ मीटर जायला बारा आकडे घेतं. तुमचं किती घेतं ते माहीत असलेल्या खोलीवर ठरवून घ्या. याचा खरा उपयोग असा: बारा आकडे लागायला हवेत आणि दोरी सातव्यालाच सैल पडली, तर एक तर तिथे कुठला उंचवटा आहे किंवा माशाने जिग वाटेतच घेतलंय. दोन्ही बातम्या महत्त्वाच्या. जिगला मासा लागतो तो पुष्कळदा पडतानाच, आणि त्यातले बरेच मासे दोरीकडे न बघणाऱ्याला कळतही नाहीत.

तळ वाचणं

जिग टेकलं. थांबा. दहापर्यंत मोजा, उन्हाळ्यातसुद्धा. मग रॉड आडवा, पाण्याला समांतर, बाजूला सरकवत जिग ओढा, हातभर. रॉड परत पुढे आणताना सैल दोरी रिळात घ्या. पुन्हा थांबा. रॉड वर उचलण्यापेक्षा बाजूला ओढायला सांगतोय, कारण बाजूला ओढलं की जिग तळ सोडत नाही.

हाताला काय येतं ते मनात ठेवा. बारीक खडी म्हणजे सतत खरखर, वाळूच्या कागदावरून नख फिरवल्यासारखी. मोठे गोटे म्हणजे टक, मग पोकळी, मग टक. गाळ म्हणजे काहीच नाही, फक्त एक जड, चिकट ओढ. लाकडावर जिग आवाज न करता चढतं, दोरी जड होत जाते आणि मग ते एकदम पलीकडे घरंगळतं. चिखलातून खडीवर, खडीवरून गोट्यांवर जिथे बदल होतो तिथे ओढणं थांबवा आणि जिग नेहमीच्या दुप्पट वेळ पडू द्या. मला मिळालेले बहुतेक मोठे मासे ओढताना लागले नाहीत, अशा बदलाच्या जागी जिग स्वस्थ पडलेलं असताना लागले.

उतारावरून खाली येताना दर ओढीनंतर थोडी दोरी सोडा, म्हणजे जिग पुन्हा तळ गाठेल. नाहीतर तळ खाली जात राहतो आणि जिग वरच्यावर तरंगत होडीखाली येतं.

मासा लागला हे कसं कळतं

नवख्याला वाटतं की बास हिसका मारेल. कधीकधी मारतोही, एक स्पष्ट "टुक" रॉडमधून कोपरापर्यंत जातो. पण खोल पाण्यात बऱ्याचदा असं काही होत नाही. बास तोंड उघडून पाण्यासकट जिग आत ओढतो, क्रेफिश नाही असं लक्षात आलं की थुंकतो. हे सगळं काही क्षणांत. आपल्याला जाणवतं ते इतकंच: जिग जरा जड वाटतं, ओला कपडा अडकल्यासारखं. किंवा जिगचं वजनच नाहीसं होतं, कारण मासा ते घेऊन आपल्याकडेच येतोय. किंवा दोरी बाजूला सरकते.

पहिल्या वर्षी एका सोंडेवर माझी दोरी अशीच सैल पडली. मी समजलो, जिग खड्ड्यात उतरलं असेल. शांतपणे वाट बघितली. दोरी होडीच्या खालून पलीकडच्या बाजूला गेली तेव्हा उजाडलं, आणि तोवर माशाने जिग टाकून दिलं होतं. त्या दिवसापासून माझा नियम एकच. नेहमीपेक्षा वेगळं काहीही वाटलं तर तो मासा आहे असं धरायचं.

लगेच झटका मात्र मारायचा नाही. आधी रॉडचा शेंडा माशाच्या दिशेने खाली आणा, सैल दोरी भराभर गुंडाळा (जलद रीळ यासाठी), वजन जाणवलं की रॉड जोरात, लांब पल्ल्याने ओढा. सैल दोरीवर मारलेला झटका गळापर्यंत पोचतच नाही. गळ रोज नखावर टेकवून बघा. नखावर घसरला तर धार लावा किंवा बदला.

आणि हो, जिग अडकणार. अडकलं की आंधळेपणाने ओढू नका, त्याने ते अजून रुतत जातं. दोरी ताठ करा, मोकळ्या हाताने तिला प्रत्यंचेसारखी बाजूला खेचा आणि एकदम सोडा. त्या धक्क्याने जिग अनेकदा मागे उडून सुटतं. नाहीच सुटलं तर होडी अडकलेल्या जागेच्या पलीकडे नेऊन उलट्या दिशेने ओढा. सुटल्यावर दोरीचा शेवटचा हातभर भाग ओठांतून फिरवून बघा. खरखरीत लागला तर तेवढा तोडून गाठ नव्याने.

खोलातून आणलेल्या माशाची काळजी

याबद्दल सुरुवातीला मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो. बारा मीटरवरून आणलेला एक सुंदर मासा मी हातात धरून बराच वेळ बघत बसलो होतो. सोडला तर तो कुशीवर पडून तरंगू लागला. शेपूट हलवायचा, पण खाली जाता येईना. अजूनही तो डोळ्यांसमोर येतो.

बासच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात तोल राखतो. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवरून वर आणलेल्या माशाच्या पिशवीतली हवा पृष्ठभागावर जवळपास दुप्पट जागा मागते, आणि बासला ती झटकन बाहेर सोडता येत नाही. पोट फुगतं, मासा उलटा होतो, पृष्ठभागावर उन्हात मरतो.

मासा सोडून द्यायचा असेल तर नऊ-दहा मीटरच्या खाली गळ टाकूच नका. नवख्यासाठी हाच सरळ मार्ग. तरी खोलातून एखादा आलाच तर हात ओले करून खालच्या जबड्याला अंगठ्याने धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या, गळ काढा आणि लगेच सोडा. खाली जाता येत नसेल तर जबड्याला लावायचा वजनदार चिमटा मिळतो. तो माशाला खोलात नेतो, आणि तिथे दाबाने हवा आकसली की मासा सुटून पोहत जातो. हा चिमटा होडीत कायम असू द्या. सुई टोचून हवा काढायची पद्धतही आहे, पण जागा चुकली तर आतले अवयव फाटतात. जाणत्याकडून समोर बसून शिकल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. आणि माशाच्या तोंडातून गुलाबी पिशवीसारखं काही बाहेर आलेलं दिसलं तर ते कधीच टोचू नका, ते त्याचं जठर असतं.

परवाना, माशाची किमान लांबी आणि रोजची मर्यादा यांचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात, निघण्याआधी वाचून घ्या. लाइफ जॅकेट अंगावर हवं, होडीच्या कोपऱ्यात नाही. घरी परतताना होडीतलं सगळं पाणी तिथेच काढून टाका, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडा, आणि दुसऱ्या तलावात घालण्याआधी होडी पूर्ण वाळू द्या. बाहेरून येऊन तलाव बळकावणाऱ्या झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि होडीतल्या थोड्याशा पाण्यातूनही नव्या तलावात पोचतात. जिगं डब्यात ओली ठेवू नका, गळ गंजतो आणि झालरीचे धागे एकमेकांना चिकटतात. रात्री कागदावर पसरून ठेवा, सकाळी डब्यात भरा.